विडालच्या मागे दोन पावसाळे

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात चार दिवस ताप उतरला नाही की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "विडाल करून घ्या की." लहानपणी मला विडाल हे कुठल्यातरी गोळीचं नाव वाटायचं. पुढं एमबीबीएसला कळलं की फर्नांड विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९६ साली टायफॉईडसाठी ही तपासणी मांडली. एमडी मायक्रोबायॉलॉजीला थिसिसचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी फार डोकं लावलं नाही. विडाल पॉझिटिव्ह आलेल्याला खरोखर टायफॉईड असतो का, एवढाच प्रश्न. वाटलं, एका पावसाळ्यात आटपेल. दोन गेले.

तपासणी दिसायला अगदी साधी आहे. काचेच्या स्लाईडवर गोल आखलेले असतात. त्यात रुग्णाच्या सीरमचे (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्याचे) उतरत्या मापाचे थेंब टाकायचे, ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर. प्रत्येकावर अँटिजेनचा, म्हणजे टायफॉईडच्या मेलेल्या जंतूंच्या द्रावणाचा, एक थेंब, काडीनं ढवळायचं आणि मिनिटभर स्लाईड हलवत राहायचं. दूध फाटताना पहिल्यांदा जसे बारीक कण दिसतात तसे दिसले की पॉझिटिव्ह. वीसच्या थेंबात कण दिसले तर १:८०, दहाच्या थेंबात दिसले तर १:१६०. हा आकडा म्हणजे टायटर; तो जितका मोठा तितकी रक्तात अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीर बनवतं ती) जास्त. पुस्तकं सांगतात की स्लाईडवर आलेलं ट्यूबमध्ये करून पक्कं करावं. तालुक्याच्या लॅबमध्ये ते कोण करत बसणार? म्हणून मी मुद्दामच स्लाईडची पद्धत घेतली. लोकांच्या हातात जो रिपोर्ट पडतो तोच तपासायचा होता.

त्या चौथ्या गोलानं मात्र छळलं. दिव्याखाली धरून मी म्हणायची "कण आहेत", माझी ज्युनिअर म्हणायची "नाहीत". दोघी डॉक्टर, दोघींचे डोळे ठीक. मिनिटाच्या जागी अडीच मिनिटं झाली की थेंब कडेनं सुकतो आणि नसलेले कणही दिसायला लागतात. शेवटी मोबाईलवर मिनिटाचा गजर लावला, आणि दोघींनी वेगवेगळं वाचून वेगवेगळ्या वहीत लिहायचं असं ठरवलं. आमचं किती जुळतं ते 'कप्पा' नावाचा जुळणीचा आकडा काढून थिसिसमध्ये घातलं. पहिल्या महिन्याचा कप्पा कुणाला दाखवण्यासारखा नव्हता.

पण ही पुढची गोष्ट. आधी सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा. त्यात मी लिहिलं होतं: एका बाजूला कल्चरमध्ये (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघतात त्यात) टायफॉईडचे जंतू सापडलेले रुग्ण, दुसऱ्या बाजूला ब्लड बँकेत आलेले निरोगी रक्तदाते. गाईड मॅडमनी दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, "धडधाकट माणूस आणि टायफॉईडनं आडवा झालेला माणूस यांतला फरक सांगायला तपासणी कशाला पाहिजे? ते तर वॉर्डबॉयसुद्धा सांगेल." मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरपुढं प्रश्न असतो तापानं फणफणलेल्या दोघांचा: एकाला टायफॉईड, दुसऱ्याला डेंग्यू किंवा मलेरिया किंवा स्क्रब टायफस. तिथं तपासणी चालते का ते बघायचं. दोन टोकं घेऊन केलेल्या अभ्यासात तपासणी आहे त्यापेक्षा हुशार दिसते, हे रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन या दोघा संशोधकांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय. मी ते पाठ केलं होतं, आणि तरी स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये तीच चूक केली होती.

रक्तदाते मात्र अगदीच वाया गेले नाहीत. टायफॉईडचा वावर असलेल्या भागात निरोगी माणसाच्या रक्तातही थोडीफार अँटिबॉडी असते, जुन्या संसर्गाची. ती आपल्या भागात कितीपर्यंत असते ते कळल्याशिवाय १:८० ला भ्यायचं की १:१६० ला, हे ठरत नाही. रक्तदात्यांचं सीरम त्या कामी आलं.

एथिक्स कमिटीत अडलं ते भाषेवर. संमतीपत्र मी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये दिलं होतं. कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडनं येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे वाचता येतंय काय?" मी स्वतः तिकडचीच, आणि मराठी कागद जोडायचं मलाच सुचलं नव्हतं. मग मराठी भाषांतर, ते दुसऱ्याकडून परत इंग्रजीत, दोन्ही जुळतात असा सही-शिक्का. महिना गेला. या सगळ्यात 'सेन्सिटिव्हिटी'ला, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी तपासणी किती जणांना पकडते त्या टक्क्याला, मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही तिघांनी दुपार घालवली, आणि शेवटी तो शब्दच संमतीपत्रातून काढून टाकला. रुग्णाला तो हवाय कशाला? त्याला सांगायचं ते एवढंच, की दहा मिली रक्त जास्त घेणार आणि पैसे पडणार नाहीत.

सॅम्पल साइजसाठी स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे गेले. सर बैलहोंगलचे, मराठी बोलतात पण हिशेब कन्नडमध्ये करतात. सेन्सिटिव्हिटी ८० टक्के धरली आणि १० टक्के इकडंतिकडं चालेल म्हटलं, तर कल्चर-पॉझिटिव्ह रुग्ण लागतात ६२. "शंभर तापकऱ्यांत कल्चर पॉझिटिव्ह किती?" मी म्हटलं दहा धरू. "मग ६२० आणा." माझा चेहरा बघून त्यांनी १० च्या जागी १५ घातले. ६२ चे झाले २८, आणि ६२० चे २८०. तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. त्या पाच टक्क्यांची किंमत शेवटच्या पानावर मोजावी लागली.

आता मुख्य फजिती. पहिले चार महिने नमुने झकास येत होते. मी तक्ता भरला: आडव्या दोन ओळी विडाल पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह, उभे दोन रकाने कल्चर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. सेन्सिटिव्हिटी जवळजवळ शंभर! मी नाचतच सरांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "याक्री (का हो) डॉक्टर, एवढी चांगली टेस्ट असताना थिसिस कशाला?" मग खालच्या ओळीवर पेन टेकवलं. खालचे दोन्ही चौकोन जवळजवळ रिकामे होते. विडाल निगेटिव्ह आलेली माणसं गेली कुठं?

वॉर्डात जाऊन विचारलं तेव्हा कळलं. रेसिडेंट आधी विडाल पाठवायचे. पॉझिटिव्ह आली तरच कल्चरची बाटली. निगेटिव्ह आलेल्याला उगाच आणखी सुई का टोचायची, असा त्यांचा भाबडा विचार, आणि रुग्णाच्या बाजूनं बघितलं तर तो चुकीचाही नव्हता. पण त्यामुळं विडालनं ज्यांना चुकवलं ते माझ्या वहीपर्यंत पोचतच नव्हते. परीक्षेला फक्त पास झालेल्यांचेच पेपर तपासले तर निकाल शंभर टक्केच लागणार की. आणि खालचा उजवा चौकोन रिकामा राहिल्यानं स्पेसिफिसिटी, म्हणजे आजार नसलेल्यांपैकी तपासणी किती जणांना निगेटिव्ह दाखवते तो टक्का, मात्र तळाला गेली होती, तिकडं माझं लक्षच नव्हतं. दोष वॉर्डाचा नव्हे. प्रोटोकॉलमध्ये 'दोन्ही एकाच वेळी' हे शब्द मी लिहिलेच नव्हते. चार महिन्यांचे कागद बाजूला ठेवले. नवा नियम: एकच सुई, त्याच वेळी आधी कल्चरची बाटली, मग विडालची ट्यूब, ताप असलेल्या प्रत्येकाची, निकाल काहीही येवो. बाटलीचं मी बघायचं नाही, विडालचं बाटलीवाल्यानं बघायचं नाही.

तेव्हाच दुसरा पावसाळा सुरू झाला. बाटल्या यंत्रात पाच दिवस राहायच्या. मध्येच यंत्र वाजलं की सहकारी त्यातले जंतू वाढवायला मॅकाँकीच्या प्लेटवर लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो जंतूंच्या फिक्या, बिनरंगी वसाहती बघत उभा दिसायचा. मी लांबूनच निघून जायची. नियम नियम.

पण कल्चर तरी कुठं सोळा आणे खरं? टायफॉईडच्या रुग्णांतही रक्ताचं कल्चर साधारण ६० टक्क्यांतच पॉझिटिव्ह येतं. अस्थिमज्जेचं त्याहून बरंच चांगलं, पण तापासाठी आलेल्या माणसाच्या हाडात सुई कोण घालणार? त्यात निम्म्याअधिक लोकांनी गावातल्या दवाखान्यात अझिथ्रोमायसिन नाहीतर सेफिक्झिम घेतलेलं असायचं. गोळीची पट्टी पिशवीत आणि वर, "औषध काही घेतलं नाही ओ बाई, नुसत्या गोळ्या घेतल्या." म्हणजे ज्या मापानं मी विडाल मोजत होते ते मापच आखूड. कल्चर निगेटिव्ह आणि विडाल पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक जण विडालची चूक म्हणून लिहायचा, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. लिहिलं तसंच, खाली मर्यादा म्हणून नोंदवलं.

आणखी एक गुंता. जंतू रक्तात सापडतात ते जास्त करून पहिल्या आठवड्यात, अँटिबॉडी वर चढते दुसऱ्या आठवड्यात. कल्चरची वेळ ती विडालची नव्हे. त्यामुळं तापाचा कितवा दिवस हा रकाना सगळ्यात मोलाचा. तो भरायचा कसा?

"आजी, ताप कधीपासनं?"

"नागपंचमीच्या आदल्या दिशी अंग मोडून आलं बघ. पर तवा ताप न्हवता. रोप लावून आलो त्या रात्री हुडहुडी भरली."

मी टेबलावर कालनिर्णय ठेवलं. सण, बाजाराचा दिवस, पाहुण्याचं लग्न, त्यावरून मोजत दिवस काढायचे. आठवड्यानं पुन्हा रक्त घेऊन टायटर चौपट चढतो का ते बघायचंही मनात होतं. भातलावणीच्या दिवसांत ताप उतरलेला माणूस नुसतं रक्त द्यायला बस धरून बेळगावला येईल, असं मानणारी मी एकटीच होते. तो भाग थिसिसमधून गेला.

सगळ्यात उशिरा डोक्यात शिरली ती पीपीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट आलेल्यांपैकी खरोखर आजारी किती. सूत्र येत होतं, अर्थ नव्हता. सुट्टीत घरी गेले तेव्हा आई सोप्यात ताट घेऊन तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रेशनच्या तांदळात खडा म्हणून उचललं की खडाच असतो. घरच्या तांदळात उचलावा तर निम्म्या वेळेला काळा पडलेला दाणा निघतो." डोळे तेच, चष्मा तोच, ताट तेच. बदलले होते फक्त तांदूळ. मी तिथंच वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला.

हिशेबापुरतं धरा, सेन्सिटिव्हिटी ८० आणि स्पेसिफिसिटीही ८०. आमच्या वॉर्डात आठवडाभर ताप अंगावर काढलेले, प्लीहा वाढलेले, दोन डॉक्टर फिरून आलेले रुग्ण येतात. अशा हजारात ५०० जणांना टायफॉईड असला तर ४०० खरे पॉझिटिव्ह, १०० खोटे. रिपोर्ट पाचांत चारदा खरा. आता तीच स्लाईड गावातल्या दवाखान्यात न्या. तिथं कालपासून कणकण असलेला प्रत्येक जण येतो. हजारात टायफॉईडचे ५०. त्यातले ४० सापडतात. उरलेल्या ९५० पैकी १९० जण खोटे पॉझिटिव्ह. २३० रिपोर्टांत खरे ४०, म्हणजे सहांत जेमतेम एक. निगेटिव्ह रिपोर्ट मात्र तिथं भलता भरवशाचा, ७७० मध्ये फक्त १० चुकतात. किटच्या डब्यावर छापलेला टक्का दोन्हीकडं एकच. तो डबा बनवणाऱ्याला रुग्ण कुठला ते माहीत नसतं.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं हेच धरलं. "लाइकलिहूड रेशो सांगा, आणि तो घेऊन करायचं काय ते सांगा." मी उदाहरण घेतलं, ८०-८० असेल तर चार, म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट टायफॉईडच्या माणसात इतरांपेक्षा चौपट येतो. आधीची शक्यता एकास चार (टायफॉईडचा एक, बाकीचे चार) अशी असेल तर पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर एकास एक. "म्हणजे छापा-काटा?" "हो सर." ते हसले. मग त्यांनी माझा आकडा बघितला आणि त्याच्या पुढं कंसातला पट्टा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठवर असू शकतो ती हद्द. इतका रुंद की त्यात चांगली तपासणीही बसेल आणि सुमारही. "२८० च का?" मी खरं ते सांगितलं. अशा अभ्यासात काय काय लिहायचं ते सांगणाऱ्या स्टार्डच्या २०१५ च्या यादीतल्या तीस मुद्द्यांपैकी रुग्णांच्या ओघाचा तक्ता मी नीट दिला होता, किती आले, किती गळले, का गळले, सगळं. त्यात ते चार महिनेही होते. बहुतेक त्यामुळंच निभावलं.

गेल्या श्रावणात मामेभावाचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. विडालचा रिपोर्ट, ओ अँटिजेन १:१६०, खाली लाल शाईत पॉझिटिव्ह, आणि मेसेज: "ताई, टायफॉईड निघाला." मी लगेच फोन लावला.

"ताप कधीपासनं रे?"

"परवा रात्रीपासनं."

"गोळ्या सुरू केल्यास काय? नसशील तर थांब. आधी कल्चरला रक्त देऊन ये, मग घे."

पलीकडं जरा वेळ शांत. मग वहिनींचा आवाज, "सकाळीच एक दिली की ओ ताई. दुसरी आता जेवल्यावर द्यायची म्हणून काढून ठेवलीया."