हाय म्हणजे होय नव्हे

शनिवार, 24 ऑगस्ट 2024

बेंगळुरूहून येणाऱ्या रात्रीच्या गाडीने आज सकाळी आमची जपानी पाहुणी आली. मुलीच्या कॉलेजमार्फत चार आठवड्यांसाठी आलेली ही एकोणीस वर्षांची मुलगी बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या जुन्या घरात राहणार आहे. तिचे नाव सासूबाईंच्या जिभेला वळेना, म्हणून त्यांनी पहिल्या तासाभरातच तिची 'चिमणी' करून टाकली. मीही इथे तिला चिमणीच म्हणणार आहे.

बाहेर पावसाची झड लागली होती. दारात बूट काढल्यावर ती आमच्याकडे पाठ करून खाली बसली, दोन्ही बूट उचलले, त्यांची टोके रस्त्याकडे केली आणि ते भिंतीलगत जोडीने ठेवले. शेजारीच आमच्या पाच माणसांच्या चपला एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. सासूबाई हे सगळे चौकटीला टेकून पाहत होत्या. "वळण हाय पोरीला," एवढेच त्या म्हणाल्या. पण दुपारी चपलांचा तो ढीग कोणी तरी नीट लावून ठेवलेला मला दिसला.

परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकाने 24 तासांच्या आत सी फॉर्म भरावा लागतो. यजमानांनी तो जेवणाआधीच भरायला घेतला. गावाच्या रकान्यात सवयीने 'बेळगाव' टाइप झाले, मग ते खोडून त्यांनी 'बेळगावी' केले. सरकारी कागदावर हे नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून आहे, म्हणजे दहा वर्षे होत आली. बोटांना ते अजून ठाऊक नाही.

गुरुवार, 29 ऑगस्ट

चिमणी काल रात्रीपासून आजारी आहे आणि दोष सर्वस्वी आमचा आहे, हे आज दुपारी कळले. त्यातही माझा अधिक, कारण सासूबाईंचे वय ऐंशीच्या घरात आहे आणि मी स्वतःला शिकलेली समजते.

झाले ते असे. जेवताना ही मुलगी ताटात एक शीत उरू देत नाही. शेवटची दोन-चार शिते बोटाने गोळा करून खाते, कारण भात टाकणे तिच्या घरी असभ्यपणाचे मानले जाते. आमच्याकडे मात्र रिकामे ताट दिसले की वाढणाऱ्याचा हात आपोआप पातेल्याकडे जातो; पाहुण्याचे ताट रिकामे राहिले तर नाक यजमानिणीचे कापले जाते. तिने ताट संपवायचे आणि आम्ही ते पुन्हा भरायचे, असे चार दिवस चालले.

त्यात भर पडली भाषेची. सासूबाई विचारायच्या, "आनी जरा वाढू काय गे? भूक हाय न्हवं?" त्यावर चिमणी मान लववून स्पष्ट म्हणायची, "हाय." आमच्या बेळगावी बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे', तेव्हा सासूबाईंना दुसऱ्या पुराव्याची गरज उरली नाही. "बघ, आपल्यासारखं बोलती पोर," असे त्यांनी शेजारी जाऊन सांगितलेसुद्धा. जपानीत 'हाय' म्हणजे 'होय' हे मी मोबाइलवर पाहिलेले होते, त्यामुळे मीही निश्चिंत होते. समोरचा माणूस बोलत असताना 'तुमचे बोलणे माझ्या कानावर येत आहे' एवढेच कळवण्यासाठीही जपानी लोक मधूनमधून 'हाय' म्हणतात, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. फोनवर बोलताना आपण 'हं, हं' करतो, तसेच ते.

तिने नकार दिलाच नाही असेही नाही. तिसऱ्या दिवशी चौथी भाकरी पुढे आली तेव्हा ती दोन्ही हात किंचित वर करून "चोत्तो..." असे म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडून दिले. मी तत्परतेने त्या शब्दाचा अर्थ शोधला. अर्थ निघाला 'थोडेसे', म्हणून आम्ही अर्धीच भाकरी वाढली. जपानीत 'चोत्तो' म्हणून वाक्य अर्धवट सोडणे हाच सभ्य नकार असतो. पुढचे ज्याने त्याने समजून घ्यायचे असते आणि आम्ही ते तूप लावून वाढले.

आज ती गादीवर भिंतीला टेकून बसली होती. तुझ्या आईने अशा वेळी काय दिले असते, असे मुलीने विचारल्यावर तिने 'ओकायु' म्हणून फोटो दाखवला. फोटोत निव्वळ तांदळाची पेज होती आणि तिच्यावर एक लाल, सुरकुतलेले खारवलेले फळ होते, त्याला उमेबोशी म्हणतात. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला, काही न बोलता उठल्या आणि बेळगाव बासमतीच्या कण्यांची पेज करून तिच्यावर जुन्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवून घेऊन आल्या. चिमणीने वाटी दोन्ही हातांनी धरली आणि वास घेतला. जपानी तांदळाला असा वास नसतो, असे ती म्हणाली.

मग दोघींचा तह झाला. पोट भरले की तिने ताटावर आडवा हात धरायचा आणि 'इप्पाइ' म्हणायचे. इप्पाइ म्हणजे भरले, काठोकाठ.

सोमवार, 2 सप्टेंबर

संध्याकाळी तिला घेऊन खडेबाजारातून फिरून आले. पाट्या पाहून ती विचारू लागली की एकाच दुकानावर तीन लिप्या कशा. मग तिनेच सांगितले की जपानीतही तीन लिप्या एकाच वाक्यात नांदतात: अर्थासाठी चिनी वळणाची कांजी, प्रत्ययांसाठी हिरागाना आणि परक्या शब्दांसाठी काताकाना. मला सांगावे लागले की इथे तीन लिप्या म्हणजे तीन भाषा आहेत, आणि पाटीवर कोणती अक्षरे वर असावीत व किती मोठी असावीत यावरून या गावात काचा फुटलेल्या आहेत.

रात्री तिने वहीत लिहिलेला एक शब्द पुढे केला: सीमाभाग. मुलीच्या तोंडी तो सारखा येत असल्याने तिने टिपून ठेवला होता. जपानला जमिनीवरची सीमा कोठेच नाही. चारी बाजूंना समुद्र. रस्त्याने चालता चालता राज्य बदलते, पण भाकरी आणि भाषा बदलत नाही, हे तिला कसे सांगावे? मी इंग्रजीची मोडतोड करत सांगत गेले की 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, माझ्या सासऱ्यांची पिढी मोर्चे काढता काढता संपली, 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल अजून लागायचा आहे. यजमान कन्नड शाळेत शिकलेले आहेत आणि भाजीवालीशी मी कन्नडमध्येच घासाघीस करते, हेही मी लपवले नाही.

प्रत्येक वाक्यानंतर ती "हाय" म्हणत होती. ते आता मला बरोबर कळत होते. ती माझ्याशी सहमत नव्हती की असहमतही नव्हती. ती ऐकत होती. या विषयावर इथे मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिसऱ्या वाक्याला आपले मत मांडले आहे.

शनिवार, 7 सप्टेंबर

गणपती आले. पहाटे स्नानावरून थोडा पेच पडला, कारण चिमणी तिच्या पद्धतीप्रमाणे रात्री झोपण्यापूर्वी न्हाते आणि बिनआंघोळीचे माणूस आज स्वयंपाकघरात आलेले सासूबाईंना चालणार नव्हते. तिने कुरकुर न करता दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि मोदकांना पाऱ्या पाडायला बसली. तिच्या पाऱ्या माझ्यापेक्षा सारख्या आल्या.

आरतीनंतर तिने आईला फोटो पाठवला. आईचे उत्तर आले की टोकियोत असाकुसा भागात मात्सुचियामा नावाचे एक देऊळ आहे, तिथला कांगितेन हा देव म्हणजे हाच. तो भारतातून बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला. त्याची मूर्ती सहसा कोणाला दाखवत नाहीत आणि त्याला पांढरा मुळा वाहतात.

"मुळा?" सासूबाई म्हणाल्या. "मूर्तीबी दावत न्हाईत, आन मुळा?" त्या बराच वेळ गप्प होत्या. नंतर दुर्वांची जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "लांब गेलाय बिचारा. मिळंल ते खाणार."

शनिवार, 14 सप्टेंबर

आज चिमणीने त्यांची वर्णमाला म्हणून दाखवली. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. सासूबाई शेंगा निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. हा क्रम आपल्याच बाराखडीचा आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकून घेतली, तिच्याबरोबर हा क्रम तिकडे पोहोचला. 'हा' वर्गाचा उच्चार प्राचीन काळी 'पा' असा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त, न, प, म, य, र, व अशी ओळ सरळ लागते. ट-ठ-ड-ढ वाटेत गळाले, कारण जपानीत त्यांचा उपयोग नव्हता.

ळ मात्र तिला काही केल्या येईना. र आणि ल यांतच तिची जीभ अडखळते, तिथे ळ कुठून येणार? तासभर खटपट करूनही गावाचे नाव 'बेरुगाबु' असेच निघाले. बेळगाव म्हणा की बेळगावी, मराठीत लिहा की कन्नडमध्ये, ळ दोन्हीकडे आहे. दोन्ही पक्षांना मान्य असलेले ते एकच अक्षर असावे.

शुक्रवार, 20 सप्टेंबर

आज ती गेली. रोज कॉलेजला निघताना ती दारातून 'इत्ते किमासु' म्हणायची, म्हणजे 'जाऊन येते'. "जाते म्हणू नये, येते म्हणावं," असे सासूबाई तिला शिकवायला गेल्या होत्या तेव्हा ते तिला आधीच येत असल्याचे निघाले होते. स्टेशनवर आज ती काय म्हणाली ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आले नाही.

सोबत इथल्या कुंदा मिठाईचे दोन डबे दिले. तिला एकच हवा असावा, कारण ती "चोत्तो" म्हणाली होती. कळूनही दिले.

सोमवार, 23 सप्टेंबर

दुपारी सासूबाईंना आमटीचा दुसरा डाव वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"इप्पाइ," म्हणाल्या, आणि बोटाने शेवटची शिते गोळा करू लागल्या.