गावात पाऊस नाही

काल फोनवर आईला सहज म्हणून गेले, "गावात अजून पाऊस नाही गं." ती म्हणाली, "कुठल्या गावात? इथं तर सकाळपासून धरलाय." मी गप्प. मग तीच म्हणाली, "हां, तुमच्या तिथं होय," आणि सोयाबीनच्या पेरणीचं सांगू लागली.

ते 'तुमच्या तिथं' रात्रभर टोचत राहिलं. अमेरिकेत, फेअरफील्डला आठ वर्षं झाली. इतकी वर्षं गाव म्हणजे कोरेगाव आणि हे नुसतं 'इथं'. शब्द कधी सरकला, कळलंच नाही. काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटून अंधारात रडले. ह्यांना उठवलं नाही.

आज गाडीचं रजिस्ट्रेशन करायला कोर्टहाऊसमध्ये गेले. आईला मी कधी नीट सांगितलंच नाही की हेही एक तालुक्याचंच गाव आहे. आयोवा राज्यात 99 काउंट्या, त्यातल्या जेफरसन काउंटीचं ठाणं हे. मधे चौक, चौकात बाग, जवळच 1890च्या दशकातलं कोर्टहाऊस. खटले तिथेच, जमिनीचे दस्त तिथेच, घरपट्टी, लग्नाचा परवाना, गाडीची नंबरप्लेटही तिथेच. तहसील कचेरी आणि आरटीओ एका छपराखाली. 2020च्या जनगणनेत वस्ती 9,416. आयोवाचा पहिला राज्यमेळा 1854 साली इथेच भरला होता, हे लोक अजून अभिमानानं सांगतात. इथलं जुनं कॉलेज 1973 साली बंद पडलं आणि पुढच्या वर्षी त्या आवारात महर्षी महेश योगींचं विद्यापीठ आलं. तिथल्या कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी हे आले, म्हणून आम्ही इथे. नाहीतर... जाऊ दे.

खिडकीवरच्या बाईंनी नाव न विचारताच माझे कागद काढले. छोटा स्टिकर पुढे सरकवत म्हणाल्या, पाऊस हवाय आता. इंग्रजीत त्यांनी 'वी' म्हटलं. त्यात 'आम्ही' की 'आपण' हे कळायला मार्ग नसतो. पण मला ऐकू आलं ते 'आपल्याला'. आपल्याला पाऊस हवाय.

बाहेर येऊन ओल्या फडक्यानं नंबरप्लेट पुसली. फडकं तपकिरी झालं, इतकी धूळ. नखाएवढा तो स्टिकर कोपऱ्यात बसवून अंगठ्यानं दाबून धरला, आणि बराच वेळ तशीच वाकून उभी राहिले. आईनं 'तुमच्या तिथं' म्हटलं त्यात तिचं काय चुकलं? तिला मी दाखवलंय काय, तर विद्यापीठाचे दोन सोनेरी घुमट आणि बर्फ. इथेही लोक आभाळाकडेच बघत असतात, हे कधी सांगितलं?

संध्याकाळी शिकागोकडून येणारी गाडी भोंगा वाजवत निघून गेली. ती इथे थांबत नाही. चढायचं तर माउंट प्लेझंटला नाहीतर ऑटम्वाला जावं लागतं, वीस-पंचवीस मैल. कोरेगावला पॅसेंजर तरी थांबते. पूर्वी हा भोंगा ऐकला की पोटात खड्डा पडायचा. आज पडला नाही असं नाही, पण मी खिडकी लावून घेतली नाही.

आई उद्या लवकर उठलेली असेल. तिला सांगायचंय की आमच्या कुंपणापलीकडच्या मक्याची पानं दुपारी सुरळीसारखी वळतायत. मका असा वळला की किती दिवस तग धरतो, ते तिला नक्की माहीत असेल.