खूण आता तो आखेल

४ × १०० मीटर रिलेत चौथ्या धावपटूच्या वाट्याला सगळ्यात जास्त काय येत असेल, तर ते उभे राहणे. पिस्तूल झाडले जाते ते त्याच्यापासून १०० मीटरवर, जिथे त्याला शेवटी पोहोचायचे असते त्याच रेषेपाशी. धूर आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. मग शर्यत पहिले वळण घेत दूर जाते, पलीकडच्या सरळ भागातून पुढे सरकते आणि तिसऱ्या धावपटूच्या हातात बॅटन, म्हणजे एकाने दुसऱ्याला द्यायची ती नळी, आली की पुन्हा आपल्याकडे वळते. शाळकरी पोरांच्या वेगाने हा सगळा चाळीसेक सेकंदांचा मामला. तेवढा वेळ चौथ्याचे हात रिकामे असतात. मी शाळेसाठी आठवी ते दहावी अशी तीन वर्षे त्या जागी उभा राहिलो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला, तेव्हा वर्ग, बाक, फळा यांच्याआधी तीच जागा डोळ्यांपुढे आली.

मी काही संघातला सर्वांत वेगवान मुलगा नव्हतो. तो तिसऱ्या क्रमांकावर पळायचा. लोकांना वाटते, सगळ्यात जोराचा पळणारा शेवटी ठेवायचा, म्हणजे मागची सगळी उणीव तो भरून काढेल. आमच्या पी. टी. च्या सरांचा हिशेब वेगळा होता. पहिल्याला फक्त द्यायचे असते, चौथ्याला फक्त घ्यायचे असते. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला दोन्ही करावे लागते आणि तिसऱ्याला ते वळणावर पळून करावे लागते. म्हणून सगळ्यात भरवशाचा पोरगा तिसरा. मला शेवटी ठेवले, कारण कोणी पुढे असला की मी चिवटपणे पळायचो, एकटा असलो की सैल पडायचो. हे सरांनी पहिल्याच आठवड्यात हेरले होते. पुढे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये उसेन बोल्ट जमैकाकडून तिसऱ्या टप्प्यावर, वळणावर पळाला आणि शेवटचा टप्पा असाफा पॉवेलने घेतला, तेव्हा मला सरांचीच आठवण झाली. चार वर्षांनी लंडनमध्ये बोल्ट शेवटी पळाला आणि जमैकाने ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. म्हणजे जागा ठरते ती चौघांच्या जुळणीतून.

त्या ३६.८४ ला चारने भागले की प्रत्येकी ९.२१ सेकंद येतात. बोल्टचा स्वतःचा १०० मीटरचा विक्रम ९.५८. एकटा माणूस जे करू शकत नाही, ते चौघांची सरासरी करते, कारण पहिला सोडून बाकीचे तिघे बॅटन हातात येण्याआधीच वेगात असतात. रिलेचे सगळे मर्म असे वेगात बॅटन घेण्यात आहे, आणि मी आठवीत नेमके तेच बिघडवले.

आमच्या वेळी बॅटन बदलण्याचा पट्टा २० मीटरचा होता आणि त्याच्या मागे वेग घेण्यासाठी १० मीटर जागा असायची. आता हा पट्टाच ३० मीटरचा केला आहे. बॅटन या पट्ट्याच्या आतच एका हातातून दुसऱ्या हातात गेली पाहिजे. पाय कुठे आहेत हे पंच बघत नाहीत, बॅटन कुठे आहे हे बघतात. चौथ्याने आपल्या जागेपासून मागे पावलाला पाऊल लावून मोजायचे आणि लेनमध्ये फक्कीची एक छोटी रेघ मारायची. तिसऱ्याचा पाय त्या रेघेवर पडला की मान पुढे करायची, जीव खाऊन पळायचे आणि मागे वळून बघायचे नाही. हाक आली की डावा हात मागे, तळवा उघडा, अंगठा फाकलेला. तिसरा लेनच्या आतल्या कडेने उजव्या हातात बॅटन घेऊन येतो, म्हणून चौथ्याने बाहेरच्या बाजूला राहून डाव्यात घ्यायची. मी उजखोरा. घरी दाराची कडीसुद्धा डाव्या हाताने काढायची सवय लावून घेतली होती.

आठवीतल्या त्या अंतिम शर्यतीत माझी रेघ २२ पावलांवर होती. तिसरा वळणावरून येत होता, आम्ही थोडे पुढेच होतो. तेवढ्यात शेजारच्या लेनमधला मुलगा निघाला आणि त्याच्याबरोबर मीही निघालो. माझ्या रेघेवर कोणाचाही पाय पडलेला नव्हता. मागून हाक आली ती ‘हात!’ अशी नव्हती, ‘थांब!’ अशी होती. मी वेग कमी केला, बॅटन हाताला लागली, पकडली आणि पळत सुटलो. सगळ्यांच्या पुढे जाऊन मी फीत तोडली. दोन्ही हात वर करून मागे वळलो तर आमच्या लेनपाशी पंचांचा झेंडा वर होता आणि तिसरा गुडघ्यांवर हात टेकून मातीकडे बघत होता. बॅटन पट्ट्याबाहेर बदलली गेली, हे त्याला तेव्हाच कळले होते. मी मात्र अख्खे १०० मीटर आनंदात पळालो होतो.

तो मला एक शब्दही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पहिला आणि दुसरा बोलले, ते बरे वाटले.

एकाने चुकायचे आणि चौघांनी बाद व्हायचे, हा नियम मला त्या वयात फार क्रूर वाटला. आज वाटत नाही. बीजिंगचे जमैकाचे ते सुवर्ण २०१७ साली काढून घेण्यात आले. पहिल्या टप्प्यावर पळालेल्या खेळाडूच्या जुन्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले होते. बोल्टचेही पदक गेले. चौघे मिळून एक धाव होते, तर ती अर्धी खरी आणि अर्धी खोटी कशी धरणार?

पुढे रिलेविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि दोन बायका माझ्या मनात घर करून राहिल्या. पहिली इल्झे ड्योरफेल्ट. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुलींनी प्राथमिक फेरीत ४६.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. अंतिम फेरीत त्या स्पष्ट आघाडीवर होत्या. शेवटच्या टप्प्याला बॅटन इल्झेच्या हातात आली आणि पडली. खचाखच भरलेल्या, स्वतःच्याच देशातल्या मैदानात. दुसरी अमेरिकेची लॉरिन विल्यम्स. २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत मॅरियन जोन्सकडून तिच्याकडे येणारी बॅटन पट्ट्याबाहेर गेली आणि संघ बाद झाला. चार वर्षांनी बीजिंगमध्ये ती शेवटच्या टप्प्यावर होती, आणि प्राथमिक फेरीतच तो बदल फसून बॅटन खाली पडली. तिने काय केले? ती मागे गेली, बॅटन उचलली आणि रिकाम्या लेनमधून शेवटपर्यंत पळाली. हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्या धावेचा निकालाला काडीचाही उपयोग नव्हता, पण तिच्याआधी तिघी पळून आल्या होत्या. त्यांची धाव मैदानात टाकून ती जाणार कशी? २०१२ साली लंडनमध्ये ती प्राथमिक फेरीत पळाली आणि अंतिम फेरीत तिच्या संघाने ४०.८२ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतले. प्राथमिक फेरीतल्या मुलींनाही पदक मिळते. तिला ते मिळाले, याचा मला आपल्या घरातल्या कुणाला मिळावे तसा आनंद झाला.

नववीच्या सुरुवातीला मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, ‘सर, मला शेवटी ठेवू नका.’ सर जाळीत चेंडू भरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘शेवटी तूच पळणार. खूण मात्र आता तो आखेल.’

तेवढेच. त्या दिवसापासून माझी रेघ तिसरा मारू लागला, स्वतःच्या बुटांनी मोजून. आमचे शाळेचे मैदान लहान, पूर्ण ट्रॅक बसायचा नाही. सरळ भागावरच सराव चालायचा. तो ५० मीटरवरून यायचा, मी त्याची रेघ बघत उभा. कधी मी लवकर निघायचो, कधी तो माझ्या पाठीवर येऊन आदळायचा. दर वेळी तो परत जायचा, बुटाने फक्की पुसायचा, अर्धे पाऊल इकडे किंवा तिकडे सरकवायचा. सर आम्हाला जागा बदलूनही पळवायचे. मी तिसऱ्या जागेवरून पळत आलो, पाय जड झालेले, छाती फुटायला आलेली, आणि समोर माझी वाट बघणारी पाठ दिसली, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की त्या पाठीकडून त्याला काय हवे असते. पाठीने घाबरू नये, एवढेच. नववीत आम्ही चौथे आलो. रेघ २० पावलांवर येऊन स्थिरावली होती.

दहावीची शर्यत मी सांगत बसणार नाही, फक्त तो बदल सांगतो. शेजारचे दोघे माझ्याआधी निघाले. मी रेघेवरून नजर काढली नाही. त्याचा डावा बूट फक्कीवर पडला, पांढरी धूळ उडाली आणि मी निघालो. ‘हात!’ ऐकू आले, तळवा मागे गेला, आणि मागे गेला तोच त्यात नळी बसली. वाट बघावीच लागली नाही. गार, जराशी घामट, वरच्या टोकाला पोचा आलेली. तिसऱ्या स्थानावर मिळालेली ती बॅटन मी दुसऱ्या स्थानावर नेली. पहिला आलेला मुलगा छातीभर पुढे होता. पंचांकडे पाहिले तर झेंडा खालीच होता.

शाळेच्या कार्यालयात त्या शर्यतीचा एक फोटो बरीच वर्षे लावलेला होता. त्यात रेषा ओलांडणारा मी एकटाच आहे. या स्मरणिकेत तो छापला जाणार असेल, तर संपादकांना विनंती आहे की खाली चौघांची नावे द्यावीत, पळालो त्याच क्रमाने.

महोत्सवाच्या कार्यक्रमात माजी विद्यार्थ्यांची रिलेही ठेवली आहे. आम्ही चौघेही येतो आहोत. परवा तिसऱ्याचा फोन आला होता. म्हणाला, ‘मी आता तेवढ्या जोरात येत नाही रे. चार पावलं कमी करू या.’ मी म्हटले, ‘तू आख. मी उभा राहतो.’