नीळ, गोगलगाय आणि ब्रोमिनचे दोन अणू

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हणून मेसेज आला आणि मला लगेच सायन्सच्या मॅडमचा तो तास आठवला. वर्गीकरणाचा धडा चालू होता. मॅडमनी फळ्यावर दोन नावं लिहिली, रानात उगवणारी नीळ आणि म्युरेक्स ही समुद्री गोगलगाय, आणि विचारलं, यांच्यात सारखं काय? आम्ही सगळे फरकच सांगत सुटलो, एक शेंगावर्गातलं गुलाबी फुलांचं झुडूप, दुसरी काटेरी शंखातली मांसाहारी. सारखं इतकंच की दोघांची शास्त्रीय नावं लिनियस या वर्गीकरणशास्त्रज्ञाने दिलेली, झाडाचं १७५३ चं आणि गोगलगायीचं १७५८ चं.

मग त्यांनी काचेच्या बरणीत भिजवलेल्या निळीच्या पानांचं हिरवट पिवळं पाणी आणलं, त्यात थोडा चुना टाकला आणि काठीने जोरात घुसळायला लावलं. आधी फेस निळा झाला, मग हळूहळू सगळं पाणीच! पानात रंग नसतोच, असतं ते बिनरंगी इंडिकन, भिजल्यावर त्यातली साखर सुटते आणि उरलेल्या इंडॉक्सिलला हवेतला ऑक्सिजन मिळाला की इंडिगो, म्हणजे निळीचा निळा रंग, तयार होतो. गोगलगायीच्या ग्रंथीतला स्रावही असाच, आधी रंगहीन, मग हवा आणि उजेड मिळाला की पिवळा, हिरवा आणि शेवटी जांभळा.

फळ्यावर त्यांनी इंडिगोची रचना काढली आणि दोन ठिकाणचे हायड्रोजन पुसून तिथे ब्रोमिन लिहिलं, झाला राजेमहाराजांचा जांभळा! ब्रोमिन येतं समुद्राच्या पाण्यातून, लिटरला साधारण ६५ मिलिग्रॅम. ही रचना फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये शोधली, त्यासाठी १२,००० गोगलगायी लागल्या आणि हाती आला फक्त १.४ ग्रॅम रंग. तो आकडा ऐकून मला फार वाईट वाटलेलं, अजूनही वाटतं.

मी पुढे केमिस्ट्री घेतली त्याचं कारण हा तास. शरीरं बघून ज्यांचा काडीचा संबंध वाटत नाही त्यांचे रेणू सख्ख्या भावंडांसारखे निघतात हे मला कुठल्याच पुस्तकाने इतकं नीट पटवलं नाही. आणि कॉलेजात कळलं की या जांभळ्या रंगाचं विरघळणारं रूप उन्हात ठेवलं तर ब्रोमिन गळून पडतं आणि कापड थेट निळीसारखं निळं रंगतं, तेव्हा पहिला फोन मॅडमना केला.

आत्ताच्या मुलांना बरणीचा प्रयोग दाखवायचा असेल तर नक्की कळवा, पानं मी घेऊन येईन.