ओ पेंटर!

गेले आठ दिवस आमच्या हॉलमधल्या दिवाणावर कुणी बसलेलं नाही. बसणार कुठं, माझं सामान पसरलंय ना. रंगांच्या ट्यूबा, ब्रशची गुंडाळी, मास्किंग टेप, प्लायचा बोर्ड, फोल्डिंगचं स्टूल, स्प्रेची बाटली, पुसायला दोन जुने बनियन, आणि मधोमध अजून खोक्यातून बाहेर न काढलेलं इझल, म्हणजे चित्राचा बोर्ड उभा ठेवायची घोडी. पोरगी परवा कॉलेजातून आली, दारातच थांबली, सगळ्यावर एक नजर फिरवली आणि म्हणाली, "पप्पा, हिमालयात चाललाय काय?"

हिमालयात नाही, आमच्या कोल्हापुरातल्याच रंकाळा तळ्यावर चाललोय. घरापासून स्कूटरवर बारा मिनिटं.

तीन दिवसांचं निसर्गचित्रणाचं शिबिर आहे, पहिल्या दिवशी रंकाळा, दुसऱ्या दिवशी पंचगंगा घाट आणि तिसऱ्या दिवशी पन्हाळा. रोज सकाळी एक आणि दुपारनंतर एक अशी दोन चित्रं, जागेवर बसून. चार वर्षं झाली मी जलरंगाच्या रविवारच्या क्लासला जातोय, पण आजवर जे काय काढलं ते मोबाईलमधल्या फोटोवरून, टेबलावर, पंख्याखाली, शेजारी चहा. फोटोचं एक बरं असतं, त्यातला सूर्य जागचा हलत नाही, मध्ये उठून जेवून आलं तरी सावली जिथल्या तिथं. बाहेर तसं नाही, तासाला पंधरा अंश सरकतो म्हणे तो, म्हणजे तुम्ही आकाशाचा वॉश, पाणीदार रंगाचा पहिला हात, वाळायची वाट बघताय तोवर देवळाच्या भिंतीवरची सावली दोन दगड पुढं गेलेली. आमचे सर सांगतात की सावल्या सुरुवातीलाच पेन्सिलीनं धरून ठेवायच्या आणि मग त्या कुठंही गेल्या तरी मागं लागायचं नाही. ऐकायला सोपं आहे.

कागदाचा हिशोब मात्र मी ऑफिसच्या सवयीनं चोख केलाय. पूर्ण शीट 22 बाय 30 इंचाची, तिचे चार केले की 11 बाय 15 चे तुकडे, तीन दिवसांची सहा चित्रं आणि बिघडणारी सहा, म्हणजे तीन शिटा. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, कॉटनचा कागद घेतलाय, जरा महागच, आणि तिथंच खरी गोम आहे, कारण महागाचा कागद समोर आला की हात आखडतो. साध्या ड्रॉइंग पेपरवर मी बिनधास्त पाणी ओततो आणि ह्या कागदावर पहिला ब्रश टेकवायच्या आधी एकदा हात धुऊन येतो.

रंगांचं तर विचारूच नका. सरांनी सांगितलेले आठ. अल्ट्रामरीन, कोबाल्ट, बर्न्ट सिएना, यलो ओकर, एक लेमन यलो, एक क्रिमसन, सॅप ग्रीन आणि थोडा पांढरा. काळा आणायचाच नाही, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की दगडाचा जो करडा येतो तसला काळ्या ट्यूबेतनं जन्मात येणार नाही, आणि कोल्हापुरात तर जिकडं बघाल तिकडं तो काळा दगडच आहे, घाट घ्या, देवळं घ्या, रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस घ्या. हे सगळं मला पटलेलं आहे. तरी माझ्या डब्यात सध्या तेवीस ट्यूबा आहेत. एक काढून ठेवतो, रात्री झोपताना वाटतं की नेमका जांभळाच लागला तर, की उठून परत घालतो.

ही ट्यूबसुद्धा तशी अलीकडचीच चीज. 1841 साली जॉन गॉफ रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकारानं लंडनमध्ये कथलाची, दाबता येणारी ट्यूब काढली, त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि टाचणीनं भोक पाडून काढायचे. ती ट्यूब आली म्हणून रंग खिशात घालून शेताच्या बांधावर जाऊन बसणं सोपं झालं. आणि आमच्या इथं आबालाल रहिमान कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहून, फिरून फिरून निसर्गचित्रं काढत राहिले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, 1931 साली गेले. जुनी माणसं सांगतात की ते झाडपाल्याचे, मातीचे रंग स्वतः बनवायचे. आणि मी तेवीस ट्यूबा घेऊन बारा मिनिटांवर चाललोय.

आता एवढी तयारी का चाललीय ते सांगून टाकतो. भीती सावलीची नाही आणि कागदाचीही नाही, भीती बघणाऱ्यांची आहे.

दुसऱ्या गावात माणूस रस्त्यावर चित्र काढत बसला तर लोक कौतुकानं बघत असतील. कोल्हापुरात लोक तपासायला बघतात. गावाला कलापूर म्हणतात त्याचा हा तोटा. इथं प्रत्येकाच्या घरात नाहीतर गल्लीत कुणीतरी चित्रकार होऊन गेलेला असतो, कुणाचा चुलता सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, कुणाचा मामा गणपतीचे डोळे उघडायचा, आणि पेंटर हा शब्द तर इथं नुसता धंदा नाही, आडनाव आहे. बाबूराव आणि आनंदराव हे नात्यानं भाऊ लागणारे दोघे मूळचे मेस्त्री, पण गावानं त्यांना पेंटर म्हटलं आणि तेच नाव राहिलं. बाबूरावांनी तर रंग बाजूला ठेवून सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथंच बनवला. अशा गावात भर चौपाटीवर एक पन्नाशीचा माणूस टोपी घालून स्टुलावर बसणार आणि त्याचा पॅलेस वाकडा येणार. शिवाय ओळखीचं माणूस भेटल्याशिवाय रंकाळ्याला फेरी पूर्ण होत नाही, हे ज्याला माहीत नाही तो कोल्हापूरचा नव्हे.

म्हणून गेल्या रविवारी गुपचूप ट्रायल घ्यायचं ठरवलं. सकाळी साडेसहाला निघालो. जानेवारीतली थंडी, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, तळ्यावर धुकं. टॉवरच्या बाजूला एक कोपरा पकडला, कारण सकाळचं ऊन मागनं येऊन समोरच्या काठावर शालिनी पॅलेसच्या तोंडावर पडतं. संध्याकाळी उलटं होतं, सूर्य पॅलेसच्या मागं जातो आणि सगळी नुसती सावलीची आकृती उरते, ती काढायला सोपी, पण मला अवघडच काढायचं होतं, काय करणार. स्टूल उघडलं, बोर्डवर कागद चिकटवला, रंग काढले, ब्रश मांडले, अगदी छान मांडले, आणि मग लक्षात आलं की पाणी आणलेलं नाही.

समोर अख्खा रंकाळा, आणि माझ्याकडं भांडंभर पाणी नाही. वाकून घ्यावं तर काठ उंच. तेवढ्यात मागनं आवाज आला, "ओ पेंटर, काय हुडकालाय?" चहाचा गाडा होता. मी मागं बघितलं, मला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतोय. मग त्यालाच सांगितलं की पाणी विसरलो, तर त्यानं काचेचा एक ग्लास विसळला, भरून दिला आणि वर म्हणाला, "ह्यात रंग कालवलासा तर परत च्या देता येत न्हाई त्यात, ठेवा तुमच्याकडंच."

चित्राबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. धुक्यात पहिला वॉश वाळेचना, वीस मिनिटं नुसता कागदाला फुंकर मारत बसलो, आणि मग एकदम ऊन आलं तर रंग ब्रशवरनं कागदावर जाईपर्यंत वाळायला लागला. बायकोची छत्री उघडून बांधली तर ती मरून, सगळा कागद गुलाबी दिसायला लागला, आकाशाचा रंग नक्की कुठला लावलाय तेच कळेना. छत्री काढली तर कागद इतका लखलखतो की रंग फिका वाटतो आणि आपण गडद, आणखी गडद असं लावत सुटतो. घरी आणल्यावर ट्यूबलाइटखाली बघितलं तर पॅलेसला ग्रहण लागल्यासारखं दिसत होतं.

पण मधे एक झालं. फिरायला आलेले एक आजोबा, मफलर, हातात दुधाची पिशवी, मागं येऊन थांबले. बराच वेळ थांबले. मानेवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटत होतं. मी ब्रश उगाचच पाण्यात घोळवत राहिलो. शेवटी म्हणाले, "पानी एवढं निळं कुठं दिसालंय तुम्हास्नी?"

मी वर बघितलं. खरंच कुठंही निळं नव्हतं. काठाजवळ शेवाळी, मधे करडं, पॅलेसचं प्रतिबिंब पडलं होतं तिथं मातकट, आणि लांब एक पट्टा नुसता पांढरा, कागद तसाच सोडावा असा. मी निळं लावलं होतं कारण चार वर्षं पाणी म्हटलं की मी निळंच लावतोय. फोटोत ते निळं दिसायचं की मीच बघायचो, देव जाणे. "बरोबर आहे तुमचं," म्हटलं. ते म्हणाले, "मनोरा बी जरा कललाय," आणि महापालिका कचरा कधी उचलते यावर दोन मिनिटं बोलून दुधासकट निघून गेले.

गंमत म्हणजे ते गेल्यावर मला बरं वाटलं. जी गोष्ट होईल होईल म्हणून आठ दिवस घाबरत होतो ती होऊन गेली होती, आणि ती एवढीच होती. नंतर क्रिकेट खेळून चाललेली चार पोरं येऊन गेली, एकानं "काका, किती रुपयाला देणार?" विचारलं, त्याला म्हटलं तूच सांग, तर तो दहा म्हणाला आणि दुसरा म्हणाला पाचला घे. हसलो. निळ्यावर थोडा बर्न्ट सिएना फिरवला, पाणी जरा ताळ्यावर आलं.

तर आता उद्या खरं शिबिर. पन्हाळ्यावर वारा असतो म्हणून इझलखाली दगड भरून टांगायला एक कापडी पिशवी घेतलीय, दगड तिथं मिळतीलच. छत्री काळी, शेजाऱ्यांची. ट्यूबा तेवीसवरनं शेवटी तेरावर आणल्यात, याच्या खाली माझ्याच्यानं होत नाही. पन्हाळ्यावर झुणका-भाकरी मिळते असं तीनदा सांगितलं तरी बायको म्हणाली, "ते तुमचं चित्र संपल्यावर मिळंल, मी डबा देतो बांधून." वर म्हणाली, "दुसऱ्या दिवशी घाटावर मी पण येतो बघायला." नको म्हटलं. येणारच आहे ती.

पाण्याच्या दोन बाटल्या भरून दारात चपलांच्या वर ठेवल्यात, ओलांडल्याशिवाय बाहेर पडताच येणार नाही अशा. प्यायच्या बाटलीला पोरीनं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिलाय. आणि तो काचेचा ग्लास, गडबडीत त्या दिवशी घरी आला, त्याचे पैसेही दिले नाहीत मी. घासलाय चांगला, बनियनमध्ये गुंडाळून सॅकच्या बाजूच्या कप्प्यात घातलाय. सकाळी गाडा लागायच्या आत पोचायचंय.