पोस्टग्रेसच्या व्हीएमचा बॅकअप: फ्लीसिंग, हार्टबीट आणि आपोआप रिस्टोअर

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर सगळ्या व्हीएमचे (आभासी संगणकांचे) बॅकअप नियमित जायला लागल्यावर होमलॅबमधला, म्हणजे घरच्या सर्व्हरवरच्या प्रयोगांमधला, पुढचा सगळा वेळ एकाच व्हीएमने घेतला. जिच्यात पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, तिने.

बॅकअप चालू असताना तिथले कमिट (बदल पक्के नोंदवणं) रेंगाळत होते. याचं मूळ व्हीएम चालवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या कामाच्या पद्धतीत आहे. बॅकअपमध्ये अजून न गेलेल्या ब्लॉकवर गेस्टने (व्हीएमच्या आतल्या सिस्टमने) लिहायला घेतलं, की आधी जुना ब्लॉक बॅकअपकडे पाठवला जातो आणि मगच नवीन लिहिला जातो. बॅकअप सर्व्हर फिरत्या डिस्कवर असेल तर त्याचा संथपणा थेट डेटाबेसच्या राइटवर येतो. व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स व्हीई या प्रणालीत ८.२ पासून यावर फ्लीसिंग आहे: जुना ब्लॉक लोकल स्टोरेजवरच्या तात्पुरत्या इमेजमध्ये पडतो आणि तिथून सावकाश पुढे जातो. फ्लीसिंगसाठी वेगवान एनव्हीएमई डिस्क दिली आणि लेटन्सीच्या (लागणाऱ्या विलंबाच्या) ग्राफवरचा रात्रीचा उंचवटा गेला. डेटाबेस असलेल्या प्रत्येक व्हीएमला हे लावाच.

पण इमेज बॅकअप म्हणजे त्या एका क्षणाचा फोटो. दुपारी चुकीचा डिलीट चालला तर रात्रीच्या इमेजवर परत जाणं म्हणजे सकाळभराचं काम गमावणं. म्हणून सोबत पीजीबॅकरेस्ट हे पोस्टग्रेसचं बॅकअप साधन, आणि वॉलचं, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचं, सतत आर्काइव्हिंग. वॉलचा सेगमेंट (एक फाइल) १६ एमबीचा, आणि तो भरला की आर्काइव्हमध्ये जातो. शांत डेटाबेसमध्ये तो भरायला तासन् तास लागतात, म्हणून आर्काइव्ह टाइमआउट ६० सेकंदांवर ठेवला आहे, म्हणजे तेवढ्या वेळाने तो न भरताही पाठवला जातो. अर्धवट भरलेला सेगमेंटही पूर्ण १६ एमबीचाच निघतो, मात्र कॉम्प्रेशननंतर त्याचं फार ओझं होत नाही.

आता माझा सर्वात आवडता भाग. एक छोटं हार्टबीट टेबल केलं आहे, त्यात दर मिनिटाला एक रो पडते. याचे दोन उपयोग. रिस्टोअरनंतर शेवटची रो पाहिली की डेटाबेस नेमका कोणत्या वेळेपर्यंत आला ते कळतं. दुसरा उपयोग जास्त मोलाचा: पोस्टग्रेस १३ पासून, रिकव्हरी टार्गेट (ज्या वेळेपर्यंत परत जायचं ती) गाठायच्या आत वॉल संपलं तर सर्व्हर फेटल एरर देऊन थांबतो. टार्गेट वेळेनंतरचा एकही कमिट आर्काइव्हमध्ये नसेल तर नेमकं हेच होतं. हार्टबीटमुळे असा कमिट दोन-एक मिनिटांत हजर असतो.

रिस्टोअरची चाचणी आता स्क्रिप्ट करते. अपलिंक नसलेल्या ब्रिजवर (बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेल्या जोडणीवर) चाचणीची व्हीएम उठते, रिपॉझिटरीची (पीजीबॅकरेस्टच्या बॅकअप साठ्याची) फक्त वाचायची प्रत तिला जोडली जाते, आदल्या दिवसातली एक वेळ निवडून तिथपर्यंत रिकव्हरी होते. रिस्टोअर करताना आर्काइव्ह मोड ऑफ ठेवायचाच. नाहीतर प्रमोट झाल्यावर, म्हणजे रिकव्हरी संपून स्वतंत्र डेटाबेस म्हणून चालू झाल्यावर, ही प्रत नव्या टाइमलाइनचं (तिथून फुटलेल्या वेगळ्या इतिहासाचं) वॉल आपल्याच रिपॉझिटरीत ढकलू पाहते. मग हार्टबीट तपासायचा आणि पूर्ण पीजीडंप (सगळा डेटा बाहेर काढणारा आदेश) डेव्ह-नलमध्ये, म्हणजे सगळं टाकून देणाऱ्या फाइलमध्ये, सोडायचा, म्हणजे टेबलांचं प्रत्येक पान वाचलं जातं. इंडेक्स त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी पीजी-अ‍ॅमचेक हे तपासणीचं साधन.

बॅकअप सर्व्हरवरच्या जागेबद्दल एक: प्रून केल्यावर (जुने बॅकअप काढल्यावर) लगेच डिस्क मोकळी झाली नाही म्हणून घाबरू नका. चंक (ज्या तुकड्यांत बॅकअप साठवले जातात ते) उडवायचं काम गार्बेज कलेक्शन या वेगळ्या सफाईचं, आणि तेही सुमारे २४ तासांत वापरलेल्या चंकला हात लावत नाही.

पुढचं काम दुसऱ्या जागी प्रत नेण्याचं. सिंक पुल पद्धतीनेच करणार आहे, तिकडचा सर्व्हर इथून प्रत ओढून घेईल, म्हणजे इकडचा सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तरी त्याच्याकडे तिकडचं काही पुसण्याचे अधिकार नसतील. व्हेरिफाय जॉब (बॅकअप शाबूत आहेत का ते तपासणारे) दोन्हीकडे वेगवेगळे चालवायचे आहेत.