काल काय पाहिलं?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनं, खो-खोचे सामने, सहली यांवर बरेच जण लिहितील. मला लिहायचंय ते पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ लागणाऱ्या भित्तिपत्रकाबद्दल, आणि त्यातही उजवीकडच्या खालच्या सदराबद्दल. ‘काल काय पाहिलं?’ हे त्याचं नाव. शाळेत येता-जाता, बाजारात, बसमध्ये, नळावर दिसलेली किंवा कानावर पडलेली एक गंमत साठ शब्दांत लिहायची. रोजच्या जगण्यात हसण्यासारखं किती असतं आणि त्या हसण्यामागे माणसांचं काय काय चाललेलं असतं, हे आम्हाला या सदरानं शिकवलं.

साठ शब्दांचा हिशेब कागदावरून आलेला. कार्डशीट २२ बाय २८ इंचांचा. चारही बाजूंना दीड-दीड इंच समास सोडला की रुंदीत १९ इंच उरतात. सहा-सहा इंचांचे तीन रकाने, मध्ये अर्ध्या इंचाच्या दोन फटी. तीन-चार फुटांवरून वाचता येईल एवढं अक्षर काढलं की सहा इंचांत जेमतेम पाच शब्द बसतात. अशा बारा ओळी. त्याहून एक ओळ वाढली की शेजारच्या कवितेची जागा जायची, आणि कवितावाले ती देत नसत. त्यामुळे शब्द खोडण्याची सवय आपोआप लागली.

गंमत टिपण्यासाठी वही वेगळी असे. डाव्या पानावर काय दिसलं, उजव्या पानावर कोण काय बोललं. उजवं पान त्याच संध्याकाळी भरायचं, कारण दोन दिवस गेले की घडलेलं आठवतं पण बोललेलं आठवत नाही, आणि मग आपण आपलेच शब्द त्या माणसाच्या तोंडी घालतो. भाजीवालीचं वाक्य पुस्तकी झालं की गंमत तिथंच संपते.

कच्चा मजकूर बहुतेक वेळा असा यायचा: ‘काल बसमध्ये खूप मजा आली. एक आजोबा सुट्टे पैसे घ्यायला विसरले आणि सगळे ओरडायला लागले. आम्ही पोट धरून हसलो.’ यात चुकतं काय? लिहिणारा स्वतःच हसून मोकळा होतो, वाचणाऱ्याला हसायला काही ठेवत नाही. ‘खूप’, ‘फार’, ‘एकदम’ या शब्दांवर बाई लाल रेघ मारायच्या आणि समोर लिहायच्या, ‘कोण काय म्हणालं?’ तोच मजकूर दुरुस्त होऊन असा व्हायचा:

‘गर्दीची बस. आजोबांनी वीसची नोट दिली. सुट्टे नव्हते म्हणून कंडक्टरनं तिकिटामागं पाच लिहून दिलं. स्टॉप आला, आजोबा उतरले. “आजोबा, पाच रुपये!” पहिली हाक खिडकीतल्या मुलीची. मग मागच्या दोघांची. मग दारातल्या सगळ्यांची. आजोबा घाबरून भराभर चालायला लागले. शेवटी कंडक्टर खाली उतरला. नाणं हातात ठेवून म्हणाला, “घ्या, नाहीतर ही माणसं बस हलू देणार नाहीत.”’

‘मजा’ हा शब्द कुठंच नाही. हसू आणणारं वाक्य शेवटी आहे, त्याच्यापुढे एक शब्दही नाही. आणि नीट पाहिलं तर अनोळखी माणसाच्या पाच रुपयांचा हिशेब अख्ख्या बसनं डोक्यात ठेवलेला आहे. हे वेगळं सांगावं लागत नाही; घडलं तसं क्रमानं लिहिलं की ते येतंच.

सदराची आणखी एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. गंमत सापडली की तिचं कारण शोधायचं. दादरचंच बघा. ‘एक नंबरवर भेट’ असं ठरवून दोन माणसं अर्धा-अर्धा तास एकमेकांची वाट बघत उभी राहायची, दोघंही एक नंबरवरच! एवढं लिहिलं तर दोन वेंधळ्यांचा किस्सा होतो. पण पश्चिम आणि मध्य रेल्वेनं आपापले फलाट वेगवेगळे मोजले होते, म्हणून एकाच स्टेशनात खरोखरच दोन एक नंबर होते. कारण कळलं की ती दोघं वेंधळी उरत नाहीत, दोघंही बरोबर ठरतात, आणि हसू कितीतरी वाढतं. डिसेंबर २०२३ मध्ये सगळे फलाट सलग मोजले गेले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ नंबर झाला. आता ‘आठ, म्हणजे जुना एक’ असं सांगणाऱ्यांचं संभाषण टिपण्यासारखं आहे. आजच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर टिपावं.

लोकलच्या बायकांच्या डब्यावर तर वर्षभर सदर चालेल. आत शिरल्याबरोबर बसलेल्या बाईला विचारायचं, ‘कुठे उतरणार?’ ती ‘घाटकोपर’ म्हणाली आणि तिची जागा आधी कुणाला सांगितलेली नसली, की ती आपली. तोवर तिच्यासमोर उभं राहायचं. मध्येच दुसरीनं विचारलं तर बसलेलीच उत्तर देते, ‘त्यांना सांगितलीय.’ आपल्याला दुसरी जागा मिळाली तर पहिलीवरचा हक्क मैत्रिणीला देता येतो, फक्त बसलेलीला तसं सांगावं लागतं. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, तिचा निम्मा भार स्वतःच्या पायांवरच असतो. खिडकीतली उठली की सगळ्या एक-एक घर आत सरकतात आणि चौथी तिसरी होते. यातलं काहीही कुठं लिहिलेलं नाही, पावती नाही, तरी सहसा कुणी हक्क मोडत नाही. का? तर उद्या सकाळी तीच ८.१२, तोच डबा, त्याच बायका. शब्द मोडणारीला पुन्हा कुणी ‘घाटकोपर’ सांगणार नाही.

काय छापायचं नाही, याबद्दल बाई कडक होत्या. कुणाचं बोबडं बोलणं, रंग, जाडी, गावाकडची बोली, फाटकी चप्पल यांवरचं काही घ्यायचं नाही. वर्तमानपत्रातला तयार विनोद नाही. फुगवलेलं नाही, तीन माणसं होती तर तीनच. नाव कुणाचंच नाही, कारण आसपासच्या चाळींत सगळे सगळ्यांना ओळखतात. आणि शेवटची कसोटी: ज्याच्यावर लिहिलंय त्याला वाचून दाखवता येईल का? वाचनालयाच्या दारातल्या चणेवाल्याला खरोखरच वाचून दाखवलं जायचं, आणि तो एखादा शब्द सुधारून द्यायचा.

कागदाबद्दल थोडं, कारण त्यावाचून हे टिकत नाही. कार्डशीटच्या गुळगुळीत बाजूवर शाई शोषली जात नाही, हात लागला की फासते. खरखरीत बाजू वापरा. पेन्सिलीच्या रेघा शाई पूर्ण वाळल्यावरच खोडा, मुंबईच्या पावसाळ्यात त्यासाठी अख्खी रात्र जाऊ द्या. स्केचपेन दमट हवेत पसरतं, ठळक मथळ्याला काळी वॉटरप्रूफ शाई आणि कट-निब, म्हणजे तिरक्या टोकाची निब, बरी. टाचण्या आठवड्याभरात गंजून तपकिरी डाग पाडतात, म्हणून आम्ही खळ वापरायचो: एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडल्या की एकूण चार वाट्या पाणी होईल असं बघून मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). ते विषारी, तेव्हा भांडं आणि चमचा कायमचे वेगळे.

आता हातात फोन आहे, तरी माझा आग्रह वहीचाच आहे. फोन समोर धरला की माणूस बोलणं बदलतो, सावरून उभा राहतो, आणि आपल्याला हवं असलेलं वाक्य बोलतच नाही. ऐकून घ्यावं, कोपऱ्यावर जाऊन लिहावं.

जुने कार्डशीट शाळेच्या कपाटात गुंडाळून ठेवलेले असतील तर या निमित्तानं ते उघडून सपाट करून ठेवावेत. गुंडाळलेला कागद वळीवर तडकतो. दोन कार्डशीटच्या मध्ये कोरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, त्यामुळे कागद लवकर पिवळा पडतो. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख, इयत्ता आणि लिहिणाऱ्यांची नावं घाला. पुढच्या बाजूला ती कधीच नव्हती.